साठवून ठेवलेला चष्मा

अमेरिकेत सांता क्लाराच्या कंपनीत श्रीरंग बर्वे इंजिनीअर म्हणून लागला आणि इतर इन्शुरन्सबरोबर डोळ्यांचाही इन्शुरन्स मिळाला, तेव्हा गडी केवढा हरखला! वर्षाला एक तपासणी, चष्म्यासाठी ठरावीक रक्कम. दुसरा कुणी लगेच जाऊन डोळे तपासून आला असता. पण हा पडला नागपूरच्या पोस्टमास्तरांचा मुलगा, वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड बघत वाढलेला. न वापरलेलं साठतं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यानं ठरवूनच टाकलं, आपला वाटा दरवर्षी तसाच राहू द्यायचा आणि लेक दीपा हायस्कूलला गेली की त्यातून तिला कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायच्या. चष्म्यापायी पोर शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत लपायची, ते त्याला बघवत नसे.

स्वतः मात्र नागपुरात केलेला जुना चष्मा लावून फ्रीमाँटहून रोज फ्रीवेनं ड्राइव्ह करायचा. शेजारी बसलं की त्याच्या बायकोचा, लतिकाचा, जीव मुठीत. पुढची गाडी अगदी अंगावर आली की मग याचा पाय ब्रेकवर!

"अहो, डोळे तपासून घ्या. हात जोडते तुमच्यापुढे."

"थांब गं, साठू दे."

"डोळेच गेले तर साठवलेलं काय चाटायचंय?"

यावर तो गोड हसायचा. त्या हसण्यानं तिचं डोकं फिरायचं, आणि त्याच हसण्यावर ती एकेकाळी भाळली होती, आता काय करता!

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, दीपा हायस्कूलला जाणार म्हणून, स्वारी बायको-मुलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. काउंटरवरच्या बाईंना श्रीरंगनं ऐटीत सांगितलं, माझं इतक्या वर्षांचं शिल्लक आहे, ते मुलीच्या लेन्सला लावा. बाई सज्जन होत्या, हसल्या नाहीत. इथे काही साठत नाही, म्हणाल्या. वर्ष संपलं की ते गेलं. एकाचं दुसऱ्याला देताही येत नाही. मुलीचं तिचं वेगळं आहे, पहिल्यापासून होतं. लेन्सचा काही खर्च त्यात भागेल, वरचा तुम्ही भरा. आणि तुमचं तुम्हीच वापरा.

श्रीरंगचा चेहरा असा काही पडला, की लतिकानं ओठावर आलेलं 'सांगत होते ना!' गिळून टाकलं.

"बाबा, युअर टर्न," म्हणत दीपानं त्याला तपासणीच्या खोलीकडे ढकललं.

नवा चष्मा हातात आला, त्या दिवशी तो लावूनच त्यानं गाडी काढली. फ्रीवेवर चढला मात्र, पुढच्याच एक्झिटला उतरून त्यानं एका दुकानासमोर गाडी थांबवली.

"काय झालं हो?"

"लतिका, पुढच्या गाडीतली माणसं दिसतात गं. मागच्या सीटवरची पोरंसुद्धा."

"मग, दिसणारच की."

"मला आजवर नुसते लाल दिवे दिसायचे." त्यानं चष्मा काढून हातात घेतला. "आणि दीपाला मागे बसवून मी अशी गाडी हाकत होतो?"

लतिकाला भडभडून आलं. तिनं त्याचा हात धरला.