टिंबानंतरचे दोन आकडे

"वाच," असं म्हणून ताई फूटपट्टी कागदाच्या ओळीखाली सरकवायच्या. मी पत्रातला आकडा वाचायचो आणि त्यांचं बोट तपासणीच्या नोंदवहीतल्या त्याच आकड्यावर असायचं. "सात पॉइंट चार." "हो." "शून्य पॉइंट पाच दोन." "हो." त्यांचा 'हो' आल्याशिवाय फूटपट्टी खालच्या ओळीवर जात नसे. मी चुळबुळ करायला लागलो की त्या चष्म्यावरून पाहायच्या. "काहून रे, गाडी सुटून राहिली का तुझी?"

जबलपूरला माती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा ताई जावक विभागात होत्या. विभाग म्हणजे एक टेबल, एक जावक नोंदवही, एक शिक्का आणि त्या स्वतः. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर त्या जावक क्रमांक टाकायच्या. सारं ऑफिस त्यांना दीदी म्हणे. मराठी आम्ही दोघंच, म्हणून मी ताई म्हणायचो. त्यांचे वडील अमरावतीकडून नोकरीसाठी इथे आलेले, त्यामुळे त्यांची बोली वऱ्हाडी. माझं घराणं इथे कित्येक पिढ्यांचं. मला मराठी सगळी समजायची, पण बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदी घुसायची. ताई कधी हसल्या नाहीत. तेच वाक्य पुन्हा मराठीत म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

त्या लागल्या होत्या काचेची भांडी धुवायला. मातीचे नमुने चाळायचे, बाटल्या विसळायच्या, वाळत घालायच्या. मग टायपिंग शिकल्या, खात्याची परीक्षा दिली आणि टेबलावर आल्या. त्यामुळे पत्रातला प्रत्येक आकडा कुठल्या भांड्यातून आला हे त्यांना माहीत असायचं. आम्हाला तो नुसता आकडा दिसायचा.

एकदा भोपाळला पाच दिवसांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण निघालं. कोणालाच जायचं नव्हतं, म्हणून ताईंना पाठवलं. येताना त्यांनी एक भरलेली वही आणली. मी ती गुपचूप उघडून पाहिली. एका पानावर लिहिलं होतं, 'आल्ट धरून एफ-नऊ दाबावे. पत्राच्या पोटातले दिसते.' चहाच्या टपरीवर मी ते वाक्य सगळ्यांना म्हणून दाखवलं आणि भरपूर हशा मिळवला. माझ्याकडे डिप्लोमा होता, आणि डिप्लोमा नवा असला की नाक जरा वरच असतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुसऱ्या दिवशी जबलपूरजवळच्या पाटणला शेतकरी मेळावा होता. तीनशेच्या वर शेतकऱ्यांना त्यांच्या मातीचा अहवाल पत्रानं द्यायचा होता. एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक शेतकऱ्याची एक ओळ, वर्डमध्ये एकच पत्र. दोन्ही जोडले की ज्याच्या त्याच्या नावाचं पत्र तयार व्हायचं. शेवटी सल्लाही आपोआप यायचा. जस्त ०.६ पेक्षा कमी असेल तर 'जस्त टाका', नाहीतर 'जस्त पुरेसे आहे'.

गडबड अशी झाली, की तक्त्यात सरळ ०.५२ दिसणारा आकडा पत्रात ०.५२००००००००००००००२ असा यायला लागला. प्रत्येक आकड्याला असं शेपूट. आमचे साहेब वैतागले. मी डोकं चालवलं आणि तक्त्यातले सगळे आकडे पूर्णांकात आणून टाकले. शेपूट गेलं, टिंबही गेलं. "अब साफ दिख रहा है," साहेब म्हणाले. दुपारी बाराच्या आत सगळी पत्रं छापून मी ऐटीत ताईंच्या टेबलावर ठेवली. पत्रं घेऊन पाटणला जाणारी जीप चार वाजता निघणार होती.

ताईंनी फूटपट्टी काढली. मी वाचलं, "जस्त एक."

'हो' आला नाही.

"हे एक कुठून आणलं? इथं पॉइंट पाच दोन हाय."

"राउंड केलं ताई. दिखने में अच्छा..."

"दिसाले चांगलं हाय. जस्ताबिगर धान पिवळं पडल्यावर कसं दिसते, पाहिलं का तू?"

त्यांनी पत्राच्या शेवटावर बोट ठेवलं. 'जस्त पुरेसे आहे,' असं तिथे छापलेलं होतं. ज्याच्या शेतात जस्त कमी, त्यालाच आम्ही टाकू नका म्हणून सांगत होतो. पुढच्या पत्रात मातीचा कस सांगणारा सेंद्रिय कर्ब ०.४५ होता, त्याचं मी शून्य केलं होतं. "याच्या वावरात तर काहीच नाही म्हणून राहिला तू," ताई म्हणाल्या. मी साहेबांना बोलावून आणलं.

साहेबांना टिंबाचं एवढं काही वाटलं नाही. "दीदी, किसान को दशमलव से क्या मतलब? जाने दीजिए."

"दशमलव से न हो सर, जस्ते से तो है."

"गाड़ी चार बजे निकलेगी."

ताईंनी जावक नोंदवही बंद केली आणि तिच्यावर हात ठेवला. "नंबर नहीं चढ़ेगा सर."

सरकारी ऑफिसात ज्या कागदावर जावक क्रमांक नाही, तो रद्दीच. ताईंच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि उभ्या नोकरीत त्यांना एक मेमो मिळालेला नव्हता. साहेबांनी नेमकी तीच धमकी दिली. ताई शांतपणे म्हणाल्या, "दीजिए. उसका नंबर भी मैं ही चढ़ाऊँगी." साहेब तावातावानं आत गेले. खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं आणि मी घाबरलोही होतो.

मी जुने आकडे परत आणले. शेपटंही परत आली. सगळ्या खटपटी करून झाल्या, आणि शेवटी मी त्यांच्यासमोर कबूल केलं, "ताई, मला नाही येत."

त्या वही घेऊन माझ्या खुर्चीशेजारी बसल्या. "आल्ट धर. एफ-नऊ दाब." पत्रातले आकडे गेले आणि महिरपी कंसांत रकान्यांची नावं दिसायला लागली. पत्राचं पोट, अगदी लिहिलं होतं तसंच. ताई वहीतून वाचत गेल्या. नावापुढे उलटी तिरकी रेघ, मग हॅशची खूण, मग अवतरण चिन्हांत शून्य, टिंब, शून्य, शून्य. मी टाइप केलं आणि पत्र पुन्हा जोडलं. पडद्यावर ०.५२ आलं. पुढे काही नाही, मागे काही नाही.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शेवटल्या दिवशी मास्तरले विचारून घेतलं. म्हटलं, आमचे आकडे टिंबवाले असतात."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं काय?"

पुढच्या एका पत्रात ०.५० आलं. मी म्हणालो, शेवटचं शून्य काढून टाकू, उगाच कशाला? "राहू दे. मशीननं तिथपर्यंत मोजलं हाय," ताई म्हणाल्या. मग आम्ही सगळी पत्रं वाचली, मी पत्रातून आणि त्या तपासणीच्या नोंदवहीतून. एक्केचाळीस पत्रांतला सल्ला बदलला होता. चार वाजून गेले, जीपच्या ड्रायव्हरचा दोनदा चहा झाला. साडेचारला साहेब बाहेर आले, थोडा वेळ आमचं वाचन ऐकत उभे राहिले, आणि वाचून झालेल्या पत्रांवर सह्या करून ती पाकिटांत भरायला लागले. मेमो आला नाही. जीप साडेपाचला निघाली. ताई पदरानं चष्मा पुसत दारात उभ्या होत्या, आणि या बाईच्या शेजारी आपण बसतो याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. टपरीवर जाऊन मी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. या वेळी हसू माझ्यावर होतं, आणि ते मी आनंदानं सोसलं.

ताई निवृत्त झाल्या. शहरातल्याच अधारताल भागात त्यांच्या घरी मी जात असे. नंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. साहेबांचीही बदली झाली.

त्यानंतरची गोष्ट. पाटणकडचा एक म्हातारा शेतकरी मातीची पिशवी घेऊन आला. सोबत प्लॅस्टिकमध्ये जपलेलं आमचं जुनं पत्र होतं, नवा अहवाल त्याच्याशी ताडून पाहायला. जस्त ०.५२. हर साल धान बिगड़ता था, इस चिट्ठी के बाद नहीं बिगड़ा, असं तो म्हणाला. मग खालच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "ये साहब बैठते हैं क्या? राम-राम करना था."

सही साहेबांची, अक्षरं माझ्या कॉम्प्युटरची. ताईंचं नाव त्या पत्रावर कुठेच नव्हतं. मी त्याला बसवलं आणि ज्यांनी हे पत्र अडवलं होतं, त्यांच्याबद्दल सगळं सांगितलं. त्या आता नाहीत हेही सांगितलं.  म्हाताऱ्यानं पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"उनका नाम इसमें लिख दो बाबूजी. घर में बता दूँगा."

बाहेर गेलेल्या सरकारी पत्रावर पेन टेकवायचं नसतं, हे मला ताईंनीच शिकवलं होतं. मी साहेबांच्या सहीखाली ताईंचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत. मग त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.