काटेवाले काका आणि कोल्ह्याच्या तोंडाचा देव

माझी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस साऱ्या गोव्यात एकच आहे, आणि त्याने जन्मभर खाणीवर ट्रक तोलले. मये गावात आमच्या शेजारीच राहतात ते. सावंतवाडीकडून तरुणपणी डिचोलीच्या खाणीवर आले, वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसले आणि खाण बंद पडली तेव्हाच उठले. खरं नाव रेशनकार्डावर असेल. वाड्यावर लहानथोर सगळे त्यांना काटेवाले काका म्हणतात. काटा सुटला, पण काकांच्या अंगातून तो काही गेला नाही. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की काका आमचेही पाव घ्यायचे, एक पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, तळहातावर ठेवून डोळे मिटायचे आणि "आज पीठ मारलंस रे" म्हणून त्या बिचाऱ्याची सकाळ नासवायचे. म्हापशाच्या बसमध्ये चढले की माणसं कुठल्या बाजूला जास्त झालीत ते आधी बघतात आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहतात, बसायला जागा असली तरी. एका लग्नात नवरीला आशीर्वाद देताना त्यांनी तिचं वजन शालूसकट आणि शालूशिवाय असं दोन्ही जाहीर केलं होतं. नवऱ्याकडची मंडळी जेवणाआधीच उठायला निघाली. काकीने हात जोडून त्यांना बसवलं.

तर ही माझी कादंबरी. नाईलकाठच्या जुन्या देवांवर बेतलेली, अद्भुत वगैरे. संग्रहालयात नोकरी करणारी एक मुलगी मेलेल्यांच्या राज्यात उतरते. तिथे कोल्ह्याच्या तोंडाचा देव मेलेल्या माणसाचं काळीज एका पारड्यात ठेवतो आणि दुसऱ्यात एक पीस. काळीज जड भरलं की मगरीच्या जबड्याचं जनावर ते गिळून टाकतं. लांब चोचीचा दुसरा एक देव बाजूला बसून प्रत्येकाचं वजन लिहून ठेवतो. शाळेतली नोकरी सांभाळून पाच वर्षं मी यावर घासली. पुस्तक आलं आणि वाचकांचे अभिप्राय सुरू झाले. फोंड्याच्या मावशीने मुखपृष्ठ लांब धरून विचारलं, "आमचे देव सोंपले काय गो?" शाळेतल्या बाई म्हणाल्या, कागद छान आहे. इंटरनेटवर एकाने पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, पार्सल वेळेत मिळालं. पेडण्याच्या एका नातेवाइकाने मी भेट दिलेली प्रत न उघडताच दुसऱ्याच्या वाढदिवसाला देऊन टाकली. ती फिरत फिरत पुन्हा माझ्याच घरी आली. माझ्या हातची सही पहिल्या पानावर तशीच होती. त्या दिवशी मी रडले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काकांनी मात्र पुस्तक हातात घेतल्याबरोबर सांगितलं, "चारशे धा ग्रॅम." आणि मग ते खरंच वाचायला बसले. रोज दहा पानं, ओसरीवर, चष्मा कपाळावर ढकलून. दर दोन दिवसांनी कुंपणापाशी येऊन ते तक्रार नोंदवायचे. "बाय, रिकामी गाडी आधी तोलूक होयी. तुझ्या देवान रिकामा पारडा तोलूकच नाय. मगे काळजाचा वजन खरा कसा मानूचा?" पुढच्या खेपेला पिसावर घसरले. "पावसात माल भिजलो काय वजन वाढता. ह्या पीस सुका होता काय वला, ता खंय लिवलंस?" मी हसून हसून लोळायची. मनातून मात्र सुखावत होते, कारण इतक्या बारकाईने मला कोणी वाचलंच नव्हतं.

शेवटचं पान झालं त्या दिवशी काका तक्रार घेऊन आले नाहीत. कुंपणाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांची काळजा तोलली गो. पण जो वजन लिवता, तेचा काळीज कोण तोलता?" मी म्हटलं, काका, तो देव आहे, त्याला कोण तोलणार? ते म्हणाले, "म्हणजे तो सुटलो." आणि घरात गेले.

मला ही मोठी गंमत वाटली. पुढच्याच महिन्यात डिचोलीच्या एका वाचनालयाने माझं भाषण ठेवलं. इतर अभिप्रायांची उणीदुणी कोण काढणार. मी काकांचे किस्से बाहेर काढले. रिकामं पारडं, ओलं पीस, नवरीचा शालू, सगळं नकला करून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आमच्या काकांना काळजी आहे ती देवाच्या कारकुनाची!" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. काका तिसऱ्या रांगेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मीच आग्रहाने बोलावलं होतं. बाजूचे लोक हसले तसे तेही थोडे हसले. मला लाज त्या क्षणी वाटली असती तर निदान तेवढं तरी माझ्या पदरात पडलं असतं. मी टाळ्या मोजत होते.

दुसऱ्या दिवशी काकी पुस्तक परत द्यायला आली. त्या शेवटच्या तराजूच्या पानात खूण म्हणून एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, खाणीवरच्या काट्याची. माल दहा टन, खाली काकांची सही. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, चौदा. मी काकीकडे बघितलं. "साहेब सांगी, धाच लिव. सगळेच लिवत," ती म्हणाली. "ती गाडी घाटयेर थांबाक नाय. सायकलवालो खाली गावलो. डायवर जेलात गेलो. ह्यांका कोणी इचारूकच नाय, बाय. एकान तरी इचारूचा होता." ती पदराने चष्मा पुसत राहिली.

त्यानंतर मी हात धुऊन कादंबरीच्या शेवटामागे लागले. नवं प्रकरण लिहिलं: कोल्ह्याच्या तोंडाचा देव वजन लिहिणाऱ्याला म्हणतो, आता तू बस पारड्यात. तो थरथरत बसतो, सगळं कबूल करतो, आणि काटा अगदी मधोमध थांबतो. छान उतरलं होतं. काकांच्या ओसरीवर बसून मी ते वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील आणि माझीही सुटका होईल. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "खोटा लिवलंस, बाय. माझ्यासाठी कमी लिवलंस." आवाजात राग नव्हता. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काकीला चहा टाकायला सांगितलं.

ते प्रकरण मी फाडून टाकलं. दुसरं अजून जमलेलं नाही, काटा कुठे थांबवावा ते मला कळत नाही. काका अजूनही सकाळी आमचे पाव घेऊन कुंपणापाशी येतात, भाषणाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त पोई आता तळहातावर धरत नाहीत. पिशवी माझ्या हातात देतात आणि परत फिरतात, आणि आज पाव हलका आहे की भरलेला, ते मला कोणी सांगत नाही.