अप्पा मॉडेल झाले तो शनिवार

चित्रकलेच्या पदवीला मी प्रवेश घेतला तेव्हा शाहूवाडीतल्या आमच्या भावकीनं एकच विचारलं, "घरं रंगवायची का ट्रॅक्टर?" मी म्हटलं, माणसं. तर चुलते म्हणाले, "माणसं रंगवायला कॉलेज कशाला लागतंय? रंगपंचमी हाय की!" लई हुशार माणूस. तिसऱ्या वर्षी ह्याच चुलत्यांनी माझ्यासाठी पतसंस्थेत क्लार्कची जागा बघितली. सोमवारी हजर व्हायचं. म्हणून शनिवारी अप्पा, म्हणजे माझे वडील, कॉलेजातून माझा दाखला काढायला कोल्हापुरात येणार होते.

शिकून पुढं काय करणार हे मला धड सांगता येत नव्हतं, हीच तर गोची. ड्रॉइंग टीचर व्हावं तर भरती कधी निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आमच्या पुढच्या वर्गातला एक जण पुण्यात ॲनिमेशनच्या कंपनीत कार्टून हलवत होता, दुसरा लग्नाची स्टेजं सजवत होता. आणि मी? संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका डिजिटल बोर्डाच्या दुकानात बसून भावी नगरसेवकांना गोरं करत होते. डाग घालवायचे, पोट आत घ्यायचं, मान ताठ करायची. माझ्या हाताखालून गेलेला माणूस त्याच्या आईनंसुद्धा ओळखला नसता.

त्या शनिवारी सकाळी पोर्ट्रेटचा तास होता. समोर बसायला नेहमी येणारे आजोबा आले नव्हते. मी बोर्ड घेऊन वर्गात शिरले आणि बघते तर काय, चौथऱ्यावरच्या खुर्चीत आमचे अप्पा! मला शोधत वर्गात आले असणार. पांढरी टोपी आणि झुबकेदार मिशा बघून सरांना वाटलं, आज नवा मॉडेल आलाय. "पावणं, आता हलायचं न्हाय हां," सर म्हणाले. मास्तरांनी सांगितलं की ऐकायचं, ही आमच्या घरातली रीत. अप्पा देवळातल्या मारुतीसारखे बसले.

मी एक शब्द बोलले असते तर ते उठून थेट ऑफिसात गेले असते. शनिवारी ऑफिस दीडला बंद होतं. बसू देत म्हटलं, आणि गप गुमान इझलवर बोर्ड मांडला. नालायक कार्टी! पण मला कॉलेज सोडायचं नव्हतं, जीव गेला तरी सोडायचं नव्हतं. मधल्या सुट्टीत चहा घेऊन गेले तर अप्पा ओठ न हलवता म्हणाले, "सरांनी हलू नको म्हटलंय."

दोन वाजता सर म्हणाले, "झालं." अप्पा गुडघे चोळत उतरले आणि बाजारात म्हैस बघावी तसं एकेक चित्र बघत फिरले. माझ्यापाशी थांबले. मी काढलेले अप्पा झकास होते, तुकतुकीत, ताठ, आमदारकीला उभे राहिल्यासारखे.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच की, अप्पा."

हे ऐकून सरांनी कपाळावर हात मारला. अप्पा मात्र शेजारी, जयसिंगपूरच्या एका पोराच्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. त्यानं अप्पांचा उजवा खांदा चांगला चार बोटं खाली उतरवला होता. डेअरीला दुधाच्या किटल्या वाहून अप्पांचा खांदा खरंच तसा झालाय.

"ह्या पोरानं मला एक सकाळ बघितलं, त्याला खांदा दिसला. तू वीस वर्सं बघतीस, तुला दिसला न्हाय व्हय?"

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांच्या खांद्याकडं बघायची हिंमत होईना. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "अप्पा, ऑफिस बंद झालं. दाखला आता..."

"कशाला दाखला? अर्धवट शिकलेली पोरगी नेऊन काय करू? तुझ्या चुलत्याला मी सांगतो." त्यांनी टोपी नीट केली. "आधी बापाकडं बघायला शीक. नोकरीचं मग बघू."