मागचं मैदान

रविवारी सकाळी कॉलनीच्या मैदानावर झालेल्या ज्येष्ठ महिलांच्या शर्यतीत माझी शकूमावशी शेवटची आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच धावली. तिचा फोटो मी काढला. धावणाऱ्याच्या पुढे मोकळी जागा सोडायची, हा वर्तमानपत्राच्या नोकरीत अंगी मुरलेला नियम मी पाळला.

संध्याकाळी मावशीने फोटो पाहिला. "मेल्या, पुढं एवढं मोकळं मैदान कशाला दाखवलंस? बाकीच्या पोचून चहा पीत होत्या, ते साऱ्या कॉलनीला कळायला हवं का?" घरातले सगळे हसले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मागचं कुठाय रे? तेवढं तर पळाले होते मी."

नियमाला माणूस कुठे निघालाय एवढंच दिसतं. तो कुठून आलाय, हे ज्याचं त्याला ठाऊक. मला मावशीकडे बघवेना.

मागच्या मैदानासकट एक फोटो आला होता. कॅमेरा वळवायला उशीर झाला, त्यामुळे मावशी चौकटीच्या पुढच्या कडेला टेकली होती आणि तिने पार केलेलं सगळं मैदान मागे दिसत होतं. चुकला म्हणून तो मी तिथेच डिलीट केला.