गादीवरचं काउंटर

संध्याकाळी दुकानात उलगडलेल्या साड्यांचा ढीग साठतो, तसे आईकडे किस्से साठतात. घरी आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून ती एकेक सांगते. काही मी स्वतः पाहिलेत, कारण शाळा सुटली की मी क्रांती चौकातल्या त्या दुकानातच थांबते.

आई कॉटनच्या काउंटरला आहे. तिथं दिवसभर उभं राहायचं. सिल्कवाल्या गादीवर बसून विकतात, पगार जास्त आणि वर कमिशन!

आईच्याच काउंटरवरची रेखामावशी बोलण्यात एक नंबर. एकदा तिनं ‘शेवटचा पीस’ म्हणून एकसारखीच साडी दोन जावांना विकली. दोघी भांडत परत आल्या. मावशी म्हणाली, “घरात एकी दिसती बघा!” जाताना दोघींनी मॅचिंग परकरही घेतले.

आईचं उलटं. लासूर स्टेशनहून आलेल्या एका बाईनं विचारलं, “रंग जातो का ओ, ताई?”

“जातो,” आई म्हणाली. बाई गेली.

शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “सुनीताबाई, ते तिला धुतल्यावर कळलं असतं की!”

माझ्या प्रगतिपुस्तकात वर्गाच्या बाईंनी लिहिलं, ‘हुशार आहे, पण बोलत नाही.’ आईनं सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, “माझंच आलं गं तुझ्यात.”

गादीवरची एक जागा रिकामी झाली, तेव्हा आम्ही घरी प्रॅक्टिस केली. मी गिऱ्हाईक.

“ही बघा, लई छान दिसेल तुम्हाला.”

“नको,” मी म्हणाले.

“बरं,” आई म्हणाली. पुढं दोघींनाही काही सुचेना!

जागा रेखामावशीला मिळाली. पण निवडीच्या दिवशी मी तिथंच होते. शेठ स्वतः गिऱ्हाईक होऊन बसले. मावशीनं त्यांना असं काही बोलण्यात गुंतवलं, की त्यांचा हात खरंच खिशाकडं गेला. सगळे हसले.

मग आईची पाळी. ती पहिल्यांदाच त्या गादीवर बसली. पाय पोटाशी घेऊन, हळूच.

“हां, विका मला,” शेठ म्हणाले.

आईनं जांभळी साडी उलगडली. “कोणासाठी घेताय?”

“बायकोसाठी.”

“त्यांना जांभळा आवडतो?”

शेठ विचारात पडले.

“माहीत नाय,” ते शेवटी म्हणाले.

“मग विचारून या,” आई म्हणाली. “तोवर मी घडी घालून ठेवते.”