पायाळू माणूस कोठ्यात

झरी जामणीहून मुकुटबनला रिक्षाने निघालो तेव्हा आभाळाच्या कडेला उजेडाची उघडझाप चालली होती. आवाज मात्र नव्हता. "वीज चमकतेय," मी म्हणाले.

"ते लवून राह्यली, ताई," रिक्षावाले शंकरभाऊ म्हणाले. "लवणारी ईज काई करत नाही. कडाडली का मंग पाहू." मी निर्धास्त होऊन कापसाचे फोटो काढत बसले.

पुढच्या वळणावर ती कडाडली. शंकरभाऊंनी रिक्षा थांबवली आणि मी समोरच्या मोहाखाली धाव घेतली. "झाडाखाली कायले जाता? मरता काय?" म्हणत त्यांनी मला शेतातल्या कोठ्यात (गोठ्यात) नेलं.

आत एक म्हातारी आणि तिची सून सोयाबीनच्या पोत्यांवर बसल्या होत्या. म्हातारीने दार लोटलं आणि विचारलं, "तुमच्यात पायाळू (पायांकडून जन्मलेलं) कोणी हाय काय?"

मी पायाळू आहे. अशा माणसावर वीज पडते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते म्हणे. लहानपणी आभाळ भरून आलं की मैत्रिणींच्या आया मला घरी पिटाळत. विज्ञान मलाही येतं हो, पण डोक्यावर कडकडाट चालू असताना ते नेमकं आठवत नाही. खोटं बोलून या तिघांचा जीव कशाला धोक्यात घालायचा?

"मी आहे," म्हणाले आणि ओढणी डोक्यावर घेऊन दाराकडे निघाले.

"कुठी चालली? मधात बस."

म्हातारीने मला पोत्यांच्या मधोमध बसवलं, अंगावर घोंगडी टाकली, मूठभर फुटाणे दिले. तिघं मला घेरून बसले. इतक्यात असा आवाज झाला की माझे निम्मे फुटाणे जमिनीवर गेले.

"हे पडली," म्हातारी शांतपणे म्हणाली. "दूर पडली."

"आजी, पायाळूला तर लोक बाहेर काढतात."

"आमच्या मालकाले काढलं होतं, याच कोठ्यातून. तो पाण्यात उभा राह्यला, अन् ईज पडली कोठ्यावर. बकरी मेली. आता बकरी पायाळू होती काय?"

मी हसून विचारलं, "कोणी काढलं होतं त्यांना?"

"मीनंच," ती म्हणाली आणि घोंगडी माझ्या पायांवर नीट ओढली.

घरी परतून महिना झाला. विजेची भीती गेली म्हणाल तर नाही. पण आता ढग गडगडले की मी कोपरा शोधत नाही, चार माणसांत जाऊन बसते.