घसरगुंडीजवळचा तुकडा

सकाळी बागेत फिरताना खारी गावातले एक काका रोज भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. ते आमच्यासारखे घड्याळ बघत चालत नाहीत, रमतगमत येतात. घसरगुंडीजवळ आले की चपला काढून हातात घेतात आणि तेवढा तुकडा ओलांडला की पुन्हा घालतात. मला वाटायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

परवा पिंपळाला फुटलेली तांबूस पालवी बघत दोघंही थांबलो, तेव्हा विचारलं.

"इथं आमचं खलं होतं. भात झोडायचो," काका म्हणाले. "खल्यात चपला घालून कोन जातंय?"

ते पुढे गेले. मी बुटाच्या नाडीला हात घातला, पण लोक बघतील म्हणून वळसा घालून गेलो. आता रोज तसाच जातोय.